फुली म्हणजे झालं

"पण मॅडम, तुमच्या वहीत फुली होती," नवी बाई म्हणाली, आणि टाचणीचं पुढचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. टाचणी हे काही तिचं नाव नव्हे. हॉटेलातल्या बायकांनी ते पाठीमागे ठेवलं होतं, तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चौसष्ट खोल्या, दोनशे तीस चादरी, त्याच्या दुप्पट अभ्रे, अकरा बायका आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला ती एकटी. टोचल्याशिवाय इथे एक पलंग धड लागत नाही. आज शनिवारी, दुपारी साडेबाराला, चारशे सातमध्ये दोन पाहुणे बॅगा घेऊन शिरले तर पलंगावर नुसती गादी. चादर नाही, अभ्रा नाही, न्हाणीघरात टॉवेल नाही. रिसेप्शनवरचा मॅनेजर फोनवर तिला नको नको ते बोलला होता. चौथा मजला आठ दिवसांपूर्वी लागलेल्या नव्या बाईकडे होता. तिला चादरी-टॉवेलांच्या, म्हणजे लिननच्या खोलीत बोलावून, दार लावून घेऊन, तिची चांगली बिनपाण्याने करायची असं ठरवून ती उभी होती. सकाळी प्रिंटर बंद पडल्यामुळे मजल्यांच्या याद्या निघाल्या नव्हत्या, तेव्हा तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं की माझी वही टेबलावर उघडी आहे, आपापला मजला उतरवून घ्या, वहीत सगळं आहे. आणि वहीत होतंच. '४०७ – दोघे, दुपारी येणार' अशी ओळ होती आणि ओळीच्या आधी जो ठिपका होता त्याच्यावर फुली होती.

"फुली म्हणजे झालं," ती म्हणाली. "जादा चादरी वर पाठवायला लाँड्रीला सांगायचं होतं, ते सांगून झालं. माझं काम झालं. म्हणून फुली."

"अस्सं होय!" नवीने जीभ चावली. "मला वाटलं पाहुणे रद्द झाले. फुली मारली म्हणजे नको, असंच ना? शाळेत गणित चुकलं की बाई फुली मारायच्या. बरोबर आलं की बरोबरची खूण."

"ही शाळा नाही."

"नाही मॅडम. पण मी विचारायला दोनदा खाली आले होते. तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

"जा. आधी चारशे सात लाव."

नवी गेली. बाहेर पॅसेजमध्ये ट्रॉल्या धरून कान टवकारलेल्या बायकांचा हिरमोड झाला असणार, कारण आठ दिवसांपूर्वी लागलेल्या बाईला एवढ्या चुकीवर टाचणीने कोरडं सोडल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. ती खुर्चीत बसली. खाली तळघरात ड्रायर फिरत होते आणि त्यांची घरघर टेबलाच्या पायांतून वर येऊन तिच्या कोपरांना लागत होती. 'तुमच्या वहीत फुली होती' हे वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं. 'तुमच्या'च्या जागी 'तुझ्या', आणि 'मॅडम'च्या जागी 'ताई', एवढाच काय तो फरक. पण सारखी वाक्यं जगात पुष्कळ असतात, माणसं चुकली की तीच ती बोलतात, त्यात एवढं दचकण्यासारखं काय आहे, असं तिने स्वतःला बजावलं आणि आज दुपारसाठी राखून ठेवलेलं काम समोर ओढलं. जुनी वही संपत आली होती. चार पानं उरली होती. नवी वही, कोरी, काळ्या पुठ्ठ्याची, पानापानावर फिकट ठिपक्यांची जाळी असलेली, कालच आणली होती. सहा महिन्यांतून एकदा येणारा हा दिवस तिला वाढदिवसापेक्षा जास्त प्रिय होता.

या पद्धतीला बुलेट जर्नल म्हणतात. ती तिला कुणी शिकवली नव्हती. पूर्वी एक पाहुणी अशी वही खोलीत विसरून गेली होती, हरवल्या-सापडल्याच्या कपाटात ती सहा महिने पडून राहिली, आणि कुणी मागायला आलं नाही तेव्हा टाचणीने ती घरी नेऊन परक्या बाईचा सगळा संसार वाचून काढला. माणूस वाचण्यात तिला रस नव्हता, खुणा वाचण्यात होता. करायचं ते ठिपका. झालं की ठिपक्यावर फुली. राहिलं तर ठिपक्याचा बाण करायचा आणि तेच काम पुढच्या वहीत उतरवायचं. नकोच असेल तर ओळीवरून आडवी रेघ. चार खुणा, आणि आयुष्य सुतासारखं सरळ. फुली मारली की गोष्ट डोक्यातून जायची, अगदी झोप लागावी तशी जायची, आणि त्या सुखासाठी ती कधी कधी आधीच करून झालेली कामंही वहीत लिहायची आणि लगेच फुली मारायची. आणि वही बदलताना मजा अशी की प्रत्येक उघड्या ठिपक्याला उत्तर द्यावंच लागतं. हे काम हाताने पुन्हा लिहिण्याइतकं मोलाचं आहे का? नसेल तर मारा रेघ. दर सहा महिन्यांनी अशा कितीतरी गोष्टी तिने निकालात काढल्या होत्या. चित्रकलेचा वर्ग. मधल्या मामेबहिणीला पत्र. दातांचं काम. एकदा तर एक माणूससुद्धा, ज्याला 'होय कळवणे' असं तीन वह्या तिने पुढे नेलं आणि चौथ्या वहीत, पट्टी लावून, सरळ रेघ मारली.

एक ओळ मात्र बारा वह्या चालत आली होती. 'धाकटी – जाब.' एवढंच. पूर्ण लिहायची गरज नव्हती. पहिल्यांदा लिहिली तेव्हा पेन कागदातून आरपार गेलं होतं. नंतर नंतर ती ओळ शांत अक्षरात यायला लागली, आणि शांत अक्षरातच ती जास्त धारदार दिसायची. बाकीच्या कामांचा बाण करताना तिला आपल्या आळसाची लाज वाटे. या एका ओळीचा बाण करताना तिला तब्येतीत बरं वाटे. डूख धरणं ही सुद्धा एक शिस्त आहे, सगळ्यांना जमत नाही, असं तिचं मत होतं. लोक रागावतात, ओरडतात, आठ दिवसांनी एकमेकांच्या घरी जेवतात. तिने सहा वर्षांत आवाज चढवला नव्हता. धाकटी बहीण आईला भेटायला वर्षातून दोनदा यायची तेव्हा ती चहा करायची, कपबशी पुढे ठेवायची, आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवून, ओट्याशी पाठ करून, तासभर एकूण एक शब्द ऐकत उभी राहायची. दोघींना एकटं असं तिने एकदाही बसू दिलं नाही. धाकटीने आईसाठी लोकरीची शाल आणली, ती तिने पुढच्या भेटीच्या वेळी इस्त्रीच्या टेबलावर अंथरून ठेवली, धाकटीला खुर्चीतून नीट दिसेल अशी. धाकटीने चार वर्षांपूर्वी नवं घर घेतलं. आईला घेऊन ये ताई, आईला आठ दिवस पाठव ताई, गाडी करते ताई. आईला जिने झेपत नाहीत. लिफ्ट आहे ताई. आईला परक्या घरी झोप लागत नाही. माझं घर परकं आहे का ताई? यावर तिने काही न बोलता फोन ठेवला होता, आणि ते न बोलणं तिला दोन दिवस पुरलं होतं.

आणि उद्या रविवार होता. या खेपेला धाकटीने फोन आईलाच केला होता, दोघी जेवायला या म्हणून, आणि आईने नेहमीसारखं 'मोठीला विचारते' म्हटलं तेव्हा टाचणी म्हणाली होती, "जाऊ या की." आईने उजवा डोळा तिच्याकडे वळवून नुसतं पाहिलं. आईला काय माहीत, वहीच्या मागच्या बाजूला दोन पानं भरून तयार होती. वर लिहिलं होतं 'डावा डोळा', आणि खाली एकाखाली एक, तारखेसकट, आईला आता न दिसणाऱ्या गोष्टी. सुईचं नाक. बसचा नंबर. तांदळातला खडा. रस्ता ओलांडताना डावीकडून येणारं काहीही. पुस्तकातली ओळ संपून खालची कुठे सुरू होते ते. डाव्या बाजूला बसलेली मोठी मुलगी, म्हणजे मी. अशा एकेचाळीस. जेवणं झाली की, धाकटीचा नवरा समोर असताना, तिचे सासूसासरे समोर असताना, पिशवीतून वही काढायची आणि ओळीने वाचून दाखवायची. ओरडायचं नाही. वाचून झालं की वही मिटायची आणि आईला हाताला धरून घरी आणायची. सहा वर्षं पुढे ढकललेल्या ठिपक्यावर मग एकदाची फुली.

सहा वर्षांपूर्वी आई म्हणाली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकतात गं. दोघी बहिणी हसल्या होत्या, कारण आईला दर महिन्याला खर्चाचा आकडा ऐकूनही काजवे चमकायचे. पण हे काजवे खरे होते. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हसण्यावारी नेऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात. तिने त्याच दिवशी फोन करून मंगळवारी अकराची वेळ घेतली. सोमवारी तिला दुसऱ्या गावी पाच दिवसांच्या ट्रेनिंगला जायचं होतं. दोन वर्षं वाट पाहून मिळालेलं ट्रेनिंग, ज्याच्यानंतर ती चौसष्ट खोल्यांची मुख्य होणार होती. धाकटी तेव्हा भाड्याच्या खोलीत राहायची, ती आईजवळ येऊन राहिली. आणि तो आठवडा म्हणजे नेमका वही बदलायचा आठवडा होता. नवी वही तिने बरोबर नेली. जुनी स्वयंपाकघराच्या टेबलावर, त्या आठवड्याच्या पानावर पेन आडवं ठेवून, उघडी ठेवली. औषधं कधी, दूधवाला कधी, गॅसवाल्याचा नंबर, सगळं. निघताना ती दारातून म्हणाली होती, वहीत सगळं आहे, मला सारखे फोन करू नकोस, वहीत बघ. शुक्रवारी संध्याकाळी ती परतली तेव्हा आई डावा डोळा हाताने झाकून बसली होती आणि म्हणत होती, या डोळ्यापुढे कुणीतरी पडदा ओढलाय. शनिवारी ऑपरेशन झालं. डोळ्यांचे डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, मंगळवारी आला असता तर वाचवला असता. मंगळवारी यायचं ठरलं होतं ना तुमचं? हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, पायपुसण्यावर उभी राहून, धाकटी रडत म्हणाली, "ताई, तुझ्या वहीत फुली होती."

त्या वाक्याने तिच्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजवर उतरली नव्हती. फुली होती! म्हणजे दाखवून झालं होतं? आईला डॉक्टरांकडे कुणी नेलं, तू की मी, की आई झोपेत चालत गेली? इतकं धडधडीत खोटं, आणि वर ते माझ्या वहीच्या माथी! ती पॅसेजमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडली होती की नर्स धावत आली. धाकटीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आतून, पट्टी बांधलेली आई म्हणाली, "पुरे." त्यानंतर धाकटीने तो विषय कधी काढला नाही. आणि तिला त्या गप्प बसण्याचा अर्थ स्पष्ट होता. दोषी माणसं गप्प बसतात.

तिने नव्या वहीचं पहिलं पान उघडलं. पहिल्या पानावर खुणा लिहायच्या असतात, तशी पद्धत आहे, आणि आजवरच्या प्रत्येक वहीत तिने त्या न चुकता लिहिल्या होत्या, वाचणारं कुणी नसताना. 'ठिपका – करायचं.' तिने लिहिलं. 'फुली – ' आणि हात थांबला. फुली मारली म्हणजे नको, असंच ना? नवी कुठल्या गावची, तिची शाळा कुठली, तिचा धाकटीशी संबंध काय? धाकटीची शाळा मात्र तिचीच शाळा. तीच लाल शाई. धाकटीची गणितं चुकायची, पानभर फुल्या घेऊन ती घरी यायची, आणि आईच्या आधी मोठ्या बहिणीला दाखवायची, पदराआडून बघावं तशी दाराआडून बघत, हिला किती राग आलाय ते. त्या मुलीने टेबलावरची उघडी वही पाहिली. 'आई – डोळ्यांचे डॉक्टर, मंगळवार ११.' आधी फुली. तिने काय वाचलं असेल? टाचणीने पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. नाही. तिने विचारायला हवं होतं. एवढी मोठी बाई, लग्न झालेली, एक फोन करता येत नव्हता? मग तिला आठवलं की फोन आले होते. मंगळवारी सकाळी दोन. ट्रेनिंगच्या हॉलमध्ये फोन पिशवीत होता, जेवणाच्या सुट्टीत तिने ते पाहिले होते, आणि तिला हसू आलं होतं, हिला दूधवाल्याची वेळसुद्धा माझ्याकडूनच हवी. तिने उलट फोन केला नाही. वहीत सगळं होतं.

चार वाजता सुटून ती घरी गेली. वाटेत नेहमीच्या दुकानातून तिने काही घेतलं नाही, आणि दुकानदार म्हणाला, "आज यादी विसरलात?" तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा वजनाच्या काट्यात डोकं घालून बसला. आई खिडकीत बसली होती. "आलीस का गं? लवकर आलीस." ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यापुढे फरशीवर बसली. जुन्या वह्या तिथे होत्या, एकेक पांढऱ्या नाडीने बांधलेली. नियम होता की एकदा पुढचं पुढे नेलं आणि नाडी बांधली की सोडायची नाही. मागे बघण्यासाठी वही नसते. सहा वर्षांपूर्वीची वही तळाशी होती. नाडीची गाठ घट्ट होती, नखाने सुटेना, तेव्हा तिने दाताने सोडवली.

पान लगेच सापडलं, त्याच्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं. धाकटीच्या कपाचं असणार. ती स्वतः वहीजवळ कप ठेवत नसे. ओळ होती. फुली होती, नेहमीसारखी नीट, दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या. वेळ घ्यायची होती, घेऊन झाली होती, माझं झालं. ओळीखाली, अगदी बारीक अक्षरात, पेन्सिलने, कुणीतरी लिहिलं होतं: 'रद्द का? ताईला विचारणे.' आणि त्याच्याआधी धाकटीने, ताईची पद्धत बघून, पेन्सिलचा एक ठिपका दिला होता. त्या ठिपक्याची पुढे काहीच खूण झालेली नव्हती.

तिला पहिल्यांदा जो राग आला तो धाकटीचाच आला, हे सांगून टाकलं पाहिजे. लिहून ठेवलंस तर बोलली का नाहीस! माझ्यासमोर वही का आपटली नाहीस! सहा वर्षं मला वेड्यासारखं एकटीला दातओठ खात का ठेवलंस! हॉस्पिटलमध्ये 'पुरे' म्हणणाऱ्या आईचा आला. फुली शिकवणाऱ्या शाळेतल्या बाईंचा आला, ज्यांना मरूनही दहा वर्षं झाली होती. राग सगळीकडे फिरून आला, एकेका दाराची कडी वाजवून आला, आणि कुठेच आत घेईनात तेव्हा तिच्याच मांडीवर येऊन बसला. तिथे त्याला कसं बसवून घ्यायचं ते तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यावरचा राग कसा सांभाळावा हे तिला बारा वह्यांनी शिकवलं होतं, पण हे काम नवीन होतं. ती उठली, बसली, कपाट पुसलं, आधीच पुसलेलं होतं. मग चालू वही काढून तिने 'डावा डोळा'ची दोन पानं फाडली. एकेचाळीस ओळी. फाडताना तिच्या लक्षात आलं की एकही ओळ खोटी नाही, आणि ती ज्या माणसाला वाचून दाखवायची ते माणूस आता इथे फरशीवर बसलं आहे. तिने पानं चुरगळली, आणि पुन्हा सरळ करून, घडी घालून, नाडीखाली सरकवली.

"काय शोधतेस एवढं?" आईने बाहेरून विचारलं.

"काही नाही. जुनी वही."

"सापडली?"

"सापडली."

 आई म्हणाली, "उद्या जायचंय ना? की रद्द?" आणि त्या शब्दाने ती उठून दारात आली. आईला काही माहीत होतं का? उजव्या डोळ्याने आई खिडकीबाहेर पाहत होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "जायचंय," ती म्हणाली.

'धाकटी – जाब' या ओळीचं काय करायचं ते तिला संध्याकाळभर ठरवता आलं नाही. फुली नाही, कारण झालं नव्हतं. बाण नाही, कारण पुढे नेऊन मागायचा कुणाकडे? रेघ मारावी तर हात धजेना. सहा वर्षं त्या ओळीने तिला सकाळी उठवलं होतं, चौसष्ट खोल्या फिरवलं होतं. आडवी रेघ मारली तर उद्या कशाच्या जोरावर उठायचं? आणि माफी हा शब्द तिच्या तोंडात बसत नव्हता. दुसऱ्याचे दात लावावेत तसा तो हलत होता. विचार करता करता तिला एक वाट सापडली, आणि सापडल्याबरोबर तिचा जीव भांड्यात पडला. काही कबूल करायचं नाही. वहीचं नावही काढायचं नाही. जेवणं झाली की पाणी पीत, सहज, अगदी सहज म्हणायचं, आई आठ दिवस राहू दे तुझ्याकडे, हवं तर महिनाभर राहू दे. धाकटीचा चेहरा कसा होईल ते तिला दिसायला लागलं. सहा वर्षं जे मागून मिळालं नाही ते न मागता हातात. ती रडेल. ताईचे पाय धरेल. आणि ताई म्हणेल, पुरे गं. ही कल्पना तिला इतकी आवडली की आपण पुन्हा धाकटीवर काहीतरी चढवायलाच निघालो आहोत हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिने आईचे कपडे बॅगेत भरले, वेगळ्या कप्प्यात, आईला न सांगता. डोळ्यांचे थेंब, रुमाल, उशी. उशीला हॉटेलच्या पद्धतीने घडी घालून नवा अभ्रा.

रविवारी टॅक्सीतून उतरल्यावर आईने नेहमीसारखा तिचा दंड धरला. डाव्या बाजूला टाचणी, कारण ती बाजू आईला दिसत नाही. इमारत सात मजली, नवीनच रंग दिलेली, खाली सायकली आणि एक मोडकी लहान मुलाची गाडी. ती पहिल्यांदाच आली होती, पत्ता कागदावर होता. लिफ्टमध्ये शिरल्यावर तिने बटणांवर चौथा मजला शोधला. "आई, जिन्याची काळजी करू नकोस हं, लिफ्ट आहे," ती म्हणाली, जणू लिफ्ट तिनेच बसवली होती. बॅगेचा बंद खांद्यात रुतत होता आणि तिला ते बरं वाटत होतं. वर जाताना ती मनातल्या मनात वाक्य घोळवत होती. हवं तर महिनाभर. हवं तर. त्या 'हवं तर'वर जोर द्यायचा की नाही?

धाकटीने दार उघडलं. ती जाड झाली होती आणि केस पुढून पांढरे झाले होते. तिने आधी बहिणीकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या फुगलेल्या बॅगेकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद यायच्या ऐवजी एकदम काळजी आली, चोरी पकडली जाण्याआधी येते तशी. "या," ती म्हणाली. तेवढ्यात आईने टाचणीचा दंड सोडला. तिने चपला काढल्या आणि खाली न बघता, पायानेच, दारामागच्या घडवंचीखाली सरकवल्या, जिथे आणखी कुणाच्या चपला नव्हत्या आणि बरोबर तेवढीच जागा होती. मग तिने उंबऱ्याच्या आत पाय टाकला, एक पाऊल खाली उतरली, उजवीकडे हात नेला, भिंत न चाचपता दिव्याचं बटण दाबलं आणि बोळातून सरळ चालत जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. खुर्चीच्या पाठीवर तिचा राखाडी स्वेटर होता, जो आपण धुवायला टाकला आणि हरवला असं दोन महिने टाचणी समजत होती.

ती दारातच उभी राहिली. सकाळी सात ते चार ती हॉटेलात असायची. आठवड्यातले सहा दिवस. चार वर्षं. तिला एवढंच मोजता आलं, पुढचं नाही. धाकटी हात पुढे करून बॅग मागत होती आणि तिच्याकडे बघत नव्हती. "दे ताई, जड आहे," धाकटी म्हणाली. तिने बॅग दिली नाही. द्यायला तिच्याजवळ तेवढंच होतं आणि ते इथे आधीच पोचलेलं होतं.

तिने पाय उचलला.

"अगं, जपून," आतून आई म्हणाली. "दारातच पायरी आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला दिसत नाही ती."